कथा-शंका : घरी परतलेला विसराळू नायक

प्रश्न : माझ्या भयकथेचा नायक स्मृती गेलेल्या अवस्थेत आठ वर्षांनी नागपूरच्या महाल भागातल्या बंद वाड्यात परततो. वाचक घाबरत नाहीत, नुसते गोंधळतात. काय चुकतंय? – एक वाचक, नागपूर

उत्तर : तुमचा नायक सरसकट सगळंच विसरलाय. प्रत्यक्षात प्रसंग पुसले गेले तरी हाताची सवय बहुधा टिकते. १९५३च्या मेंदूशस्त्रक्रियेनंतर हेन्री मोलेसन यांच्या मनात नवे प्रसंग टिकत नव्हते. तरी आरशात बघून चांदणी गिरवण्यात त्यांचा हात दिवसागणिक सुधारला, आधीचा सराव मात्र आठवेना.

भीती इथेच आहे. आईचा फोटो नायकाला ओळखू येऊ नये, पण अंधारात बोट बरोबर कूलरच्या बटणावर पडावं. मग एकच गोष्ट बिघडवा : कूलरच्या वाळ्याच्या ताट्या ओल्या आहेत. मे महिन्यात नागपुरात टाकी रोज भरावी लागते, आणि घर तर आठ वर्षं बंद! वाळ्याचा वास दोन ओळींत द्या, कारण सांगू नका. तीन-चार विसंगती एकदम टाकल्या की गोंधळच होतो. ‘मला काहीच आठवत नाही’ हे वाक्य एकदाच. दुसऱ्यांदा आलं की ती तक्रार वाटते. डॉक्टरांचं निदान सांगणारं पान तर काढूनच टाका.