युद्धबंदी : कैदी की थांबलेली लढाई?

एका वाचकांनी विचारलंय : ‘१९७१च्या युद्धावरची एक हिंदी पुस्तिका मराठीत आणतोय. त्यात “९३ हज़ार युद्धबंदी” असं आलंय. मराठीत युद्धबंदी म्हणजे लढाई थांबणं ना? शिवाय आपली वर्तमानपत्रं कधी युद्धबंदी, कधी शस्त्रसंधी, कधी युद्धविराम लिहितात, त्यात फरक आहे का? आणि त्या युद्धानंतर सिमल्याला भारत-पाकिस्तानात जे झालं त्याला आपण करार म्हणतो, तह का नाही?’

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. तिथे ‘युद्धकैदी’ लिहा. नाहीतर मराठी वाचकाला वाटेल की तेरा दिवसांच्या युद्धात ९३ हजार वेळा लढाई थांबली.

पण ही गंमत का होते, ते पाहण्यासारखं आहे. ‘बंदी’ म्हणून आपण जो एक शब्द समजतो ते मुळात दोन आहेत. एक बंदी म्हणजे पकडलेला माणूस. बंदिवान, बंदिशाळा, बंदिवास हे सगळे त्याच्या कुळातले. हिंदीनं हा शब्द रोजच्या वापरात ठेवला, आपण बोलताना कैद्यावर भागवतो. तरी महाराष्ट्रातल्या तुरुंगांच्या कागदांवर आजही ‘न्यायाधीन बंदी’ आणि ‘सिद्धदोष बंदी’च असतात. दुसरी बंदी फारसीतून आलेली, शब्दाच्या शेपटाला लागणारी : दारूबंदी, नाकेबंदी, तटबंदी, मोर्चेबंदी, जमाबंदी. ही यादी नीट पाहिलीत तर लक्षात येईल की या शेपटाचा अर्थ दर वेळी ‘थांबवणं’ नाही. दारूबंदीत दारू थांबते, पण तटबंदीत तट थांबत नाही, उभा राहतो. मोर्चेबंदीत तर मोर्चे बांधले जातात. मूळ अर्थ ‘बांधणं’. त्या हिशेबानं युद्धबंदी म्हणजे ‘युद्धाची जय्यत तयारी’ असाही अर्थ रूढ होऊ शकला असता. झाला नाही, हे आपलं नशीब.

व्याकरणानंही थोडी मदत होते. लढाई थांबते ती युद्धबंदी, पकडला जातो तो युद्धबंदी. पण मथळ्यात क्रियापद नसलं की ही मदत संपली. (भाट या अर्थाचे ‘बंदीजन’ आणखी वेगळे, ते स्तुती करणारे. त्यांना या भांडणात ओढत नाही.)

आता दुसरा प्रश्न. मे २०२५मध्ये टीव्हीच्या पट्टीवर ‘शस्त्रसंधी’ झळकलं तेव्हा माझ्या भाचीनं विचारलं, ‘कुणाला मिळाली संधी?’ तिचं काही चुकलं नाही. मराठीत संधी मिळते, हुकते, साधली जाते. ‘संधीसाधू’ ही तर शिवीच. हिंदीत मात्र संधि म्हणजे आजही तह. संस्कृतात तोच अर्थ होता. कौटिल्यानं परराष्ट्र धोरणाचे जे सहा गुण सांगितले त्यांत पहिलाच संधी, आणि त्याची व्याख्या दोन शब्दांची : पणबन्धः सन्धिः. अटी घालून बांधून घेणं म्हणजे संधी. (इथेही बांधणंच आलं.) मराठीत हा जोडण्या-बांधण्याचा अर्थ व्याकरणातल्या स्वरसंधीत, शरीरातल्या संधिवातात आणि शस्त्रसंधीत शिल्लक राहिला. लिंगाचा घोळ त्यातूनच आला. व्याकरणातला संधी पुल्लिंगी, म्हणून ‘शस्त्रसंधी झाला’ म्हणणारे आहेत. मिळणारी संधी स्त्रीलिंगी, म्हणून ‘शस्त्रसंधी झाली’ म्हणणारेही आहेत. बातम्यांत दुसऱ्या गटाचं पारडं जड दिसतं. मला त्यात वावगं वाटत नाही.

फरक विचाराल तर तो आहे, पण वर्तमानपत्रं तो पाळत नाहीत. गोळीबार थांबला की युद्धबंदी. ती एकतर्फीही असू शकते, तोंडीही असू शकते. शस्त्रसंधीत ‘संधी’ आहे, म्हणजे दोन पक्ष आले, अटी आल्या, बहुधा कागद आला. कोरियात २७ जुलै १९५३ला झाली ती खरी शस्त्रसंधी : सेनापतींच्या सह्या, मधली पट्टी, सगळं ठरलेलं, आणि तह आजतागायत नाही. यासाठी जुन्या मराठीत ‘युद्धतहकुबी’ असा एक झकास शब्द होता. सभा तहकूब होते तसं युद्ध तहकूब. तहकूब सभा पुन्हा भरते हे ज्याला ठाऊक आहे त्याला वेगळं समजावायला नको. हा शब्द का मागे पडला कळत नाही. ‘युद्धविराम’ हिंदीतून आला. तो चालेल, पण त्यातला विराम स्वल्प की पूर्ण, हे तो सांगत नाही.

मे २०२५चंच पाहा. १० मे रोजी दुपारी भारत आणि पाकिस्तानच्या लष्करी कारवाई महासंचालकांचं फोनवर बोलणं झालं आणि संध्याकाळी ५ पासून गोळीबार थांबवायचं ठरलं. भारताच्या अधिकृत निवेदनात शब्द होता ‘अंडरस्टँडिंग’, म्हणजे सहमती. गोळीबार आणि लष्करी कारवाई थांबवण्याबद्दलची सहमती, एवढंच. मराठी मथळ्यांनी त्याची एका रात्रीत शस्त्रसंधी केली. माझ्या मते तिथे युद्धबंदी जास्त जवळचा शब्द होता. पण युद्धच जाहीर झालं नव्हतं तर बंदी कशाची, असं कुणी म्हटलं तर माझ्याकडे उत्तर नाही.

आणि आता तह. हिंदीत तह म्हणजे घडी, थर. कपडे ‘तह करके’ ठेवतात. आपल्याकडे मात्र तह म्हटलं की शाळेतली उत्तरपत्रिका आठवते : कारणे, घटना, तहाची कलमे, परिणाम. पुरंदरचा तह, १६६५ : २३ किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख मोगलांकडे, १२ किल्ले आणि एक लाख होनांचा मुलूख महाराजांकडे. सालबाईचा १७८२चा, वसईचा १८०२चा. मराठी मनात तहाला दोन गोष्टी लागतात. युद्धाचा निकाल आणि देण्याघेण्याची कलमं. शिवाय कुणीतरी पड खाल्लेली असावी लागते. ‘युद्धात जिंकले, तहात हरले’ हे वाक्य उगाच नाही रुळलं. पुढे जगातले तह संपले नाहीत, पण आपण नव्या कागदांना तह म्हणणं हळूहळू सोडलं. व्हर्सायचा तह म्हणतो, पण कॅम्प डेव्हिडचा करार.

‘करार’ हा पसरट शब्द आहे. भाडेकरारापासून अणुकरारापर्यंत सगळं त्यात मावतं. अरबीत मूळ अर्थ स्थिर होणं, ठरणं. ज्याला चैन पडत नाही तो बेकरार, तो याच मुळाचा. भारत आणि पाकिस्तान यांच्यातल्या कागदांना हा शब्द चिकटला तो, मला वाटतं, नेमकेपणामुळे नव्हे तर सोयीमुळे. कागदांची इंग्रजी नावं पाहिली तर हे उघड होतं. १० जानेवारी १९६६ला ताश्कंदला लालबहादूर शास्त्री आणि पाकिस्तानचे अध्यक्ष अयुब खान यांनी सही केली ते ‘डिक्लरेशन’, म्हणजे घोषणापत्र. दोन्ही सैन्यांनी २५ फेब्रुवारीपर्यंत ५ ऑगस्ट १९६५च्या जागी परतायचं, म्हणून भारतानं युद्धात जिंकलेली हाजीपीर खिंड परत गेली. तेव्हा संरक्षणमंत्री असलेले यशवंतराव चव्हाण ताश्कंदला हजर होते, त्यामुळे महाराष्ट्रात या कागदाची चर्चा जरा जास्तच झाली असावी. आपण त्याला ताश्कंद करार म्हणतो. पण फेब्रुवारी १९९९च्या लाहोरच्या ‘डिक्लरेशन’ला लाहोर घोषणापत्र म्हणतो. एकाच नावाच्या दोन कागदांना दोन शब्द, आणि कारण काहीच नाही.

उलटी गंमत सिंधूची. १९ सप्टेंबर १९६०ला कराचीत नेहरू आणि अयुब खान यांनी सही केलेला कागद नावानं खरोखर ‘ट्रीटी’ आहे. हिंदीवाले त्याला इमानदारीनं सिंधु जल संधि म्हणतात. आपण? सिंधू जलवाटप करार. म्हणजे ज्याला तह म्हणायला नावाचा तरी आधार होता त्यालाही आपण तह म्हटलं नाही, कारण त्याच्या आधी युद्ध दिसत नव्हतं, पाणी दिसत होतं.

सिमल्याचा कागद इंग्रजीत ‘अ‍ॅग्रीमेंट’, तोही ‘द्विपक्षीय संबंधांविषयी’. त्यामुळे करार हा शब्द तिथे चपखल बसतो. हिंदीत शिमला समझौता. तो शब्द मराठीत जसाच्या तसा आणू नका, आपल्याकडे समझोत्याला तडजोडीचा वास येतो. तारीख २ जुलै १९७२, पण सह्या होईपर्यंत मध्यरात्र उलटली होती. यात तहाचं एक लक्षण नाही : अंतिम निकाल. काश्मीरचा अंतिम तोडगा पुढे बोलून काढायचा, असंच त्यात लिहिलंय. मुख्य बदल एका शब्दाचा. २७ जुलै १९४९च्या कराची करारानं आखलेली ‘युद्धबंदी रेषा’ जाऊन ‘नियंत्रण रेषा’ आली. भारताच्या लेखी यानं मोठा फरक पडला : जुनी रेषा संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांची, नवी दोघांची आपसातली. पाकिस्ताननं हे कधी मान्य केलं नाही. काही मराठी वर्तमानपत्रं ‘ताबारेषा’ लिहितात. तो शब्द मला जास्त प्रामाणिक वाटतो. ज्याचा ताबा त्याची बाजू, हक्काचं पुढे बघू.

शब्द ढिला राहिला तर काय होतं याचा नमुना १९४९च्याच कागदात आहे. रेषा गावागावांतून काटेकोर नेत नेत शेवटी त्यांनी लिहिलं : ‘तिथून उत्तरेकडे हिमनद्यांपर्यंत’. पुढे कोण जाणार, असंच वाटलं असेल. नकाशावर ही रेषा एनजे ९८४२ नावाच्या बिंदूवर थांबते. भारत म्हणतो उत्तर म्हणजे उत्तर. पाकिस्ताननं तिथून ईशान्येला काराकोरम खिंडीकडे रेघ ओढली. या दोन वाचनांच्या मधल्या बर्फात सियाचीन आहे. १३ एप्रिल १९८४ला भारतीय सैन्य वर गेलं ते अजून खाली आलेलं नाही.

तुमच्या पुस्तिकेत आणखी एक जागा सांभाळा. १९७१च्या शेवटी दोन दिवसांत दोन वेगळ्या गोष्टी घडल्या आणि अनुवादात त्या हमखास एक होतात. १६ डिसेंबरला ढाक्याच्या रमणा रेसकोर्सवर पाकिस्तानच्या जनरल नियाझींनी भारताच्या जनरल जगजितसिंग अरोरांपुढे सही केली, ती शरणागती. तिला ना युद्धबंदी म्हणता येईल ना तह. पश्चिम आघाडीवर भारतानं एकतर्फी जाहीर केली आणि १७ डिसेंबरच्या रात्री ८ वाजता लागू झाली, ती युद्धबंदी. सिमल्याच्या करारात नियंत्रण रेषेचा उल्लेखही ‘१७ डिसेंबर १९७१च्या युद्धबंदीतून निघालेली’ असाच आहे. तेव्हा पूर्वेकडे ‘शरणागती’ आणि ‘सुमारे ९३ हजार युद्धकैदी’ लिहा (त्यांत नागरिकही होते, त्यामुळे ‘९३ हजार सैनिक’ नको), आणि ‘युद्धबंदी’ हा शब्द १७ तारखेसाठी राखून ठेवा.