शिक्षकांना प्रशिक्षण द्यायचंय, पण वर्ग टाळून?

प्रश्न : भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून मी आता बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आयुष्यभर शाळेत शिकवण्यापेक्षा मला शिक्षक प्रशिक्षणात जास्त रस आहे. विद्यापीठं आणि शाळा मिळून जे प्रकल्प चालवतात, त्यांत कसं शिरायचं? थेट एम.एड. करू का? वडील म्हणतात, ‘आधी शिक्षकभरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलचं बघ.’

उत्तर : वडिलांचं ऐका. त्यांचं कारण नोकरीची हमी हे असणार. माझं वेगळं आहे. प्रशिक्षणाला समोर पंधरा-वीस वर्षं शिकवलेले सर आणि बाई बसलेले असतात. दुसऱ्या तासाला कुणीतरी विचारतंच, “मॅडम, तुमच्या वर्गाचा पट किती होता?” याला उत्तर नसेल तर उरलेलं प्रशिक्षण चहा आणि सहीपुरतं राहतं. म्हणून किमान तीन वर्षं स्वतःचा वर्ग हवा. नोकरीच्या सुरुवातीचा, मानधनावरचा शिक्षणसेवकाचा काळही तेवढाच. माध्यमिकला मानधन १८,००० रुपये आहे, म्हणजे ओढाताण होईल. पण पुढच्या कामाचा कच्चा माल इथेच मिळतो.

हे काम असतं कसं? प्रशिक्षण म्हटलं की प्रोजेक्टर आठवतो, म्हणून एक तास उघडून बघू. विषय विद्युत परिपथ. एकसर जोडणीत दोन सारखे बल्ब आहेत, जास्त प्रकाश कुणाचा? बरीच मुलं म्हणतात, पहिल्याचा. त्यात वीज ‘संपते’ आणि दुसऱ्याला उरलेली मिळते. प्रयोग दाखवला, दोन्ही सारखेच पेटले, की हा गैरसमज जायला हवा. पण दुकानातून आणलेले टॉर्चचे दोन बल्ब बरेचदा एकसारखे नसतात. एक मंद पेटतो आणि गैरसमज उलट पक्का होतो. त्यावर तोड अशी : बल्बवर छापलेले व्होल्ट-अँपिअर जुळवायचे, सहा बल्ब आणून त्यातली सारखी जोडी निवडायची, आणि तरीही फरक दिसला तर बल्बांची अदलाबदल करायची. जो लख्ख होता तो दुसऱ्या जागीही लख्खच राहिला, म्हणजे फरक बल्बात आहे, जागेत नाही. ही युक्ती विद्यापीठातला माणूस आणेल. पण साठ मुलांत पस्तीस मिनिटांत किती गट करायचे, वायरी कोण सोलणार, शेवटच्या बाकाला काय दिसणार, हे शाळेतल्या बाईंनाच माहीत असतं. दोघांनी मिळून पाठ आखायचा, एकाने घ्यायचा, बाकीच्यांनी मागे बसून मुलं काय बोलतात ते टिपायचं, त्याच दिवशी तासभर चर्चा करायची आणि सुधारलेला पाठ दुसऱ्या शाळेत घ्यायचा. जपानमध्ये शाळांची ही जुनी रीत आहे. एका फेरीला तीन-चार आठवडे धरा. वर्षात चार फेऱ्या झाल्या तरी खूप.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा करतं. दोन दिवसांच्या कार्यशाळेत त्यातले जेमतेम बारा तास होतात. बाकीचे वर्गाजवळ गेले तर उपयोग. मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवून भाजी निवडत मिळवलेल्या प्रमाणपत्रांबद्दल न बोललेलं बरं.

विद्यापीठ आणि शाळांच्या या भागीदाऱ्या कुठे फसतात, तेही आधीच माहीत असू द्या. सामंजस्य कराराचा फोटो निघतो, मुख्याध्यापक बदलून जातात, आणि नव्यांना करार कशाचा होता तेच ठाऊक नसतं. विद्यापीठाला सवड मिळते तेव्हा शाळेत परीक्षा नाहीतर निवडणुकीची कामं. प्राध्यापकाच्या पदोन्नतीत शोधनिबंधांना वजन, शाळाभेटींना फारसं नाही. मग प्रश्नावल्या भरून नेल्या जातात आणि निष्कर्ष शाळेत कधीच परत येत नाहीत. शाळाही काही कमी नाहीत : बी.एड.चे छात्राध्यापक आले की त्यांना ऑफ तासांवर पाठवून मोकळ्या होतात.

शिवाय हे काम निधीवर आणि सरकारी परवानगीवर चालतं. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ साली मध्य प्रदेशातल्या १६ शाळांत सुरू झाला. दिल्ली विद्यापीठ आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले वैज्ञानिक त्यात शिक्षकांबरोबर बसत. प्रशिक्षणानंतर दर महिन्याला बैठक आणि शाळेत पाठपुरावा असे. पुढे तो शेकडो शाळांत पसरला. २००२ मध्ये सरकारने तो बंद केला. म्हणून प्रकल्पातल्या कंत्राटी जागेवर एकवीस महिन्यांचा पगार बघून उडी मारू नका. हाती कायम नोकरी किंवा प्राध्यापकपदाची पात्रता ठेवा.

त्या पात्रतेचा हिशेब असा. बी.एड. महाविद्यालयात विज्ञान अध्यापनासाठी सहायक प्राध्यापक व्हायचं तर एम.एस्सी. आणि एम.एड., दोन्हींत ५५ टक्के लागतात. वर शिक्षणशास्त्र विषयात नेट ही पात्रता परीक्षा किंवा पीएच.डी. एम.एस्सी.त ५३ टक्के घेऊन एम.एड.ची दोन वर्षं घातली आणि मग नियम वाचला, असं करू नका. गुणपत्रिका आजच काढा. राखीव प्रवर्गाला सवलत असते, ती जाहिरातीत तपासा. संशोधनाकडे ओढा असेल तर मुंबईत मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र विज्ञान शिक्षणात पीएच.डी. देतं, आणि तिथे तुमच्या भौतिकशास्त्राचा थेट उपयोग होतो. पुण्यात आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था शाळांतल्या विज्ञान शिक्षकांबरोबर काम करते. एखादी कार्यशाळा बघायला मिळाली तर सोडू नका.

आता हातातलं काम. बी.एड.च्या दुसऱ्या वर्षी १६ आठवड्यांची आंतरवासिता, म्हणजे शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवण्याचा काळ, असते आणि बहुतेकजण ती पाठांचा आकडा भरण्यात घालवतात. तुम्ही एकच शिक्षक आणि एकच घटक धरा. त्यांचे आठ-दहा तास मागे बसून बघा. दर पाच मिनिटांनी नोंद करा : कोण बोलतंय, फळ्यावर काय आहे, मुलं काय करताहेत. ‘छान शिकवलं’ हे शब्द वहीत यायला नकोत. वरचा बल्बचा प्रश्न तीस मुलांना लेखी द्या, उत्तरांचे ढीग लावा, कुठली चूक किती जणांची ते मोजा, आणि बाईंना आकडे दाखवण्याआधी त्यांचा अंदाज विचारा. अंदाज आणि आकडे यांतली तफावत निघाली की चर्चेला विषय आपोआप मिळतो. मुलाखतीला ही फाइल न्या, मुलांची आणि शिक्षकांची नावं खोडून. एक प्रत आंतरवासिता संपायच्या आत मुख्याध्यापकांना द्या.