घरच्या साध्या मशीनवर झाडावर बसायचं सॅडल शिवता येईल का?

येईल. मी शिवलंय. ज्या मशीनवर ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवते त्याच मशीनवर त्यातलं अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं तिथे का केलं नाही ते पुढे येईल.

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेतले धनुष्यबाणाचे शिकारी झाडाला टांगून घेऊन तासन् तास बसतात तसं सॅडल हवंय, तयार मिळतं ते परवडत नाही, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या काजूच्या बागेत रात्री रानडुकरांसाठी बसायचंय, तर धागा कोणता आणि पट्टी कोणती. आधी डुकरांचं बोलते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार बंद आहे. नुसता प्रयत्न केला किंवा फास लावला तरी तो शिकारीतच धरतात. वनखात्याची लेखी परवानगी हातात नसेल तर विषय संपला. डुकरं कंद उकरतात, गवे पोफळीची रोपं मोडतात, माकडं शहाळी फोडतात, हे आमच्याकडेही चालतं आणि राग मलाही येतो. तरी शिकारीसाठी मी एक टाका सांगणार नाही. राखणीला, फोटो काढायला, नारळ पाडायला सॅडल हवं असेल तर पुढे वाचा.

तुमच्या प्रश्नात धागा आहे, पट्टी आहे, पण जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत टेकेपर्यंत तुम्ही झाडाला कशाने बांधलेले असाल याबद्दल एक अक्षर नाही. ते वाचून मला राहवलं नाही.

आमचं सासरचं कुळागर फोंडा तालुक्यात आहे. माड, पोफळी, मधून मिरीचे वेल, खालून पाट. वर्षानुवर्षं एकच पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारे, यायचे. पायात दोरीचा फास, कमरेला कोयता, बस्स. एका मे महिन्यात ते माडावरून पडले. जीव वाचला, पण परत चढणं नाही. मग त्यांचा मुलगा येऊ लागला, तोच कोयता घेऊन, तसाच काही न बांधता. मी खाली उभी राहून त्याच्याकडे बघू शकत नव्हते. घरात म्हटलं, याला कमरेला काहीतरी बांधून देऊ या, त्याशिवाय चढायला सांगायचं नाही. माझे थोरले दीर म्हणाले, "वहिनी, पाडेली जन्माने पाडेली असतो. दोरी बांधली की त्याचा हात मंदावतो." जे पडले तेही जन्माने पाडेलीच होते, हे मी तिथल्या तिथे बोलून दाखवलं. तेव्हापासून आमचा हा वाद चालू आहे.

माडावर चढायची यंत्रं आहेत, मला ठाऊक आहे. नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये 'फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री' नावाची योजना काढली, तिच्यात तरुणांना यंत्राने चढायला शिकवतात. चांगली योजना आहे. पण आमच्या कुळागरात बांध आणि पाट ओलांडत ते लोखंड एका माडाकडून दुसऱ्याकडे न्यायचं, प्रत्येक बुंध्याला लावायचं आणि सोडवायचं, हे त्या मुलाला नको होतं. २०१६ मध्ये सरकारने माडाला झाडतोडीवर बंधन घालणाऱ्या कायद्यातल्या झाडांच्या यादीतून काढलं तेव्हा गोवाभर केवढा गदारोळ झाला. पुढे तो परत यादीत आला, छान झालं. त्या सगळ्यात माडावर चढणाऱ्या माणसाबद्दल मी कोणाच्या तोंडून काही ऐकलं नाही.

तर मी ती शिकारी सॅडलं बघितली. रूप साधं आहे. बसायला कापडाची झोळी, तिच्या दोन टोकांना फास, त्या दोन फासांना जोडणारी पोटासमोरची दोरी, ती दोरी कॅराबिनरने, म्हणजे उघडमिट होणाऱ्या धातूच्या कडीने, झाडाच्या दोरीला. झोळीतून सरकू नये म्हणून कमरेला एक पट्टा आणि मांड्यांना पट्टे. चढताना वेगळी दोरी बुंध्याला वळसा घालून कमरेच्या दोन्ही बाजूंना. त्या मुलाने एका बैठकीत सगळं ओळखलं. हात मोकळे राहतात हे त्याला सगळ्यात आवडलं.

भावोजींना कळलं तेव्हा ते म्हणाले, "ब्लाउजच्या मशीनवर माणूस टांगणार तुम्ही?" हे मला लागलं, कारण त्यात दोन गोष्टी होत्या. एक मशीनबद्दलची, ती रास्त होती. दुसरी ते मशीन चालवणाऱ्या बाईबद्दलची.

मशीनबद्दलचं उत्तर सॅडलच्या रचनेत आहे, आणि तुमच्या प्रश्नाचंही. माणसाचं वजन टाक्यावर येऊच द्यायचं नाही. एक इंची नळीदार नायलॉन पट्टी घ्या, गिर्यारोहणाच्या सामानात मिळते ती. तिचं मोठं कडं करा. टोकं जोडायला शिलाई नको, गाठ. एका टोकाला सैल साधी गाठ मारायची आणि दुसरं टोक तिच्याच वाटेने उलट दिशेने फिरवून आणायचं. ताणून घट्ट करायची, दोन्ही शेपट्या चार बोटं तरी बाहेर हव्यात. ही गाठ वापरात हळूहळू सरकते, म्हणून दर वेळी चढण्याआधी शेपट्या बघायच्याच. तसंच दुसरं कडं, गाठ वेगळ्या जागी. दोन्ही कडी एकावर एक ठेवून चपटी करा. वरची बाजू कमरेमागे, खालची मांड्यांखाली, आणि दोन्ही टोकांना आपोआप फास तयार. मधल्या जागेत जाड कॅनव्हास या पट्ट्यांना शिवून टाका. कापडाचं काम एवढंच की वरची आणि खालची पट्टी एकमेकींपासून लांब राहावी आणि मांडीला रुतू नये. ही शिवण घरच्या मशीनवर होते. सुई १८ नंबर, धागा बाँडेड नायलॉन टेक्स ७० (टेक्स हे धाग्याच्या जाडीचं माप), टाका मोठा, आणि वेग हाताने चाक फिरवण्याइतका.

धाग्याचा हिशोब सांगते, म्हणजे मी टाक्याला का घाबरते ते कळेल. ब्लाउजचा धागा किलोभर वजनाला तुटतो. टेक्स ७० पाच किलोच्या आसपास, टेक्स १३५ दहाच्या आसपास. टाके खूप असतात म्हणून शिवण एकूण पुष्कळ वजन घेते, कबूल. पण घरच्या मशीनवर पट्टीचे तीन-चार थर आले की खालचा टाका सैल पडतो, वरून सुबक दिसतो आणि आतून पोकळ असतो. तुम्हाला ते ओळखता येणार नाही. मला येतं, आणि म्हणूनच कमरेचा पट्टा आणि मांड्यांचे पट्टे मी घरी शिवले नाहीत. कापून, खुणा करून, टोकं मेणबत्तीवर वितळवून ते फोंड्याला गाड्यांच्या सीट शिवणाऱ्याकडे नेले आणि त्याच्या मोठ्या मशीनवर टेक्स १३५ ने चौकट आणि आत फुली अशी शिवण घालून घेतली. इंचाला सहा-सात टाके. दाट टाके म्हणजे मजबूत असं समजू नका, सुईच्या भोकांनी पट्टीच कापली जाते. पट्टी काळी आणि धागा लाल ठेवा. धागा घासला, तुटला तर लांबून दिसतो. सुती धागा नकोच, आमच्या पावसात तो कुजतो.

मांड्यांचे पट्टे अनेक जण वगळतात. वगळू नका. उलटे झालात तर झोळीतून सरकून बाहेर पडाल.

मग परीक्षा. फणसाच्या फांदीला झोळीचं एक टोक, दुसऱ्या टोकाला २०० लिटरचं रिकामं पिंप, जमिनीपासून वीतभर वर. त्यात पंपाचा पाइप सोडला. काठोकाठ भरेपर्यंत भावोजी मागे हात बांधून उभे होते. भरल्यावर मी उसवणी घेतली आणि त्यांच्यासमोर कापडाची सगळी शिवण एका बाजूने उसवत गेले. कापड लोंबलं. पिंप जागचं हललं नाही. रात्रभर तसंच ठेवलं, सकाळी गाठींच्या शेपट्या मोजल्या, मग कापड पुन्हा शिवलं.

भावोजी म्हणाले, "पिंप हलत नाही. माणूस हलतो." हे त्यांचं बरोबर होतं आणि हे तुम्हीही नीट वाचा. स्थिर वजन आणि पडणारं वजन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दोरीत हातभर झोल ठेवलात आणि पाय सुटला, तर न ताणणाऱ्या दोरीवर बसणारा हिसका तुमच्या वजनाच्या कित्येक पट असतो. म्हणून झाडाची दोरी नेहमी ताणलेली, कमरेच्या वर. जसजसं वर जाल तसतशी ती सरकवायची. सरकवायला दोरीवर बारीक दोरीचे तीन वेढे घालून प्रुसिक गाठ मारतात. ११ मिलिमीटरच्या दोरीवर ६ ते ८ मिलिमीटरची. वजन आलं की ती आवळते, हाताने ढकलली की सरकते. ती बारीक दोरी डायनिमा नावाच्या कृत्रिम तंतूची नको, गुळगुळीत असते आणि घर्षणाच्या उष्णतेने लवकर वितळते. कॅराबिनरवर केएन (किलोन्यूटन) आकडा कोरलेला असलाच पाहिजे, लांबीत निदान २०. एक केएन म्हणजे साधारण १०० किलो. हार्डवेअरच्या दुकानातल्या कुत्र्याच्या साखळीच्या कड्या कितीही जाड दिसल्या तरी नको.

पट्टीबद्दल थोडक्यात. कमरेला दोन इंची पॉलिस्टर. पिशव्यांच्या बंदांना लावतात ती पॉलिप्रॉपिलिनची पट्टी चालणार नाही, उन्हाने लवकर मरते. ओळखायची असेल तर तुकडा पाण्यात बुडवून हवा दाबून काढा. तरंगला तर ती. नायलॉन आणि पॉलिस्टर बुडतात. भंगारातल्या गाडीचा सीटबेल्ट तर मुळीच नको, त्याने किती उन्हं आणि कोणता अपघात पाहिला ते तुम्हाला कोण सांगणार?

त्या मुलाने सॅडल घातलं आणि अजून घालतो. भावोजींचा शेवटचा मुद्दा वेळेचा होता, आणि माझं म्हणणं आहे की खरा मुद्दा पहिल्यापासून तोच होता. पाडेलीला माडामागे पैसे मिळतात. दोरी लावून चढला की दिवसात माड कमी होतात आणि त्याची कमाई घटते, म्हणून पाडेली स्वतःच दोरी टाकून देतो आणि भाटकार, म्हणजे बागांचे मालक, म्हणतात बघा, त्यालाच नको आहे. मी ह्यांना सांगून आमच्याकडचा दर वाढवून घेतला. भावोजी अजून म्हणतात की मी गावाचा दर बिघडवला. बिघडला असेल तर मला आनंद आहे. नारळाला चार पैसे जास्त पडले म्हणून कोणाचं घर बुडत नाही, पाडेली पडला तर त्याचं बुडतं. आणि पाडेली मिळत नाहीत म्हणून सगळीकडे रडणाऱ्यांनी हेही सांगावं की आपल्या मुलाला ते त्या दरात, त्या उंचीवर, तसं सोडतील का.

आता ज्या गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या. कोयता किंवा करवत चालवत असाल तर झाडाला एक दोरी पुरेशी नाही, दोन हव्यात, कारण पाते दोरीला लागायला क्षण लागतो. पोफळीवर हे सॅडल एका झाडाला चालतं. फवारणीवाले झोका घेऊन या पोफळीवरून त्या पोफळीवर जातात, तिथे ते उपयोगाचं नाही, आणि एवढ्यापुरतं भावोजींचं म्हणणं मी मान्य करते. पट्ट्यात निश्चल लोंबकळत राहिलं तर पायात रक्त साचून माणूस काही मिनिटांत बेशुद्ध होऊ शकतो, म्हणून रात्री एकट्याने बसू नका, आणि खाली कसं उतरणार ते दोन फूट उंचीवर आधी करून बघा. सॅडल उन्हात वाळवू नका, सावलीत वाळवा. बॅटरीच्या ॲसिडजवळ ठेवू नका. पट्टी कडक झाली, रंग उडाला, कुठे धागे फुलले की कापून टाका, म्हणजे दुसरा कोणी वापरणार नाही. आणि रोज पोटासाठी चढणाऱ्याला मी सांगेन की परवडलं की आयएस ३५२१ या भारतीय मानकाचा शिक्का असलेला पूर्ण अंगाचा हार्नेस घे. त्या मुलाला पुढच्या हंगामाआधी आम्ही तोच घेऊन देणार आहोत. पैसे कुळागराच्या उत्पन्नातून जातील, हेही घरात सांगून झालंय.

झोळीची मापं मी इथे देत नाही, ती ज्याच्या त्याच्या कमरेवर आणि मांडीवर घ्यावी लागतात. माप घेताना ज्या कपड्यांत चढणार त्याच कपड्यांवरून घ्या, आणि उभं राहून न घेता गुडघे थोडे वाकवून, मागे रेलून घ्या. सीट शिवणाऱ्याकडे टेक्स १३५ नसेल तर टेक्स ९० वर चौकटीची शिवण दोनदा घालून घ्या, दुसरी फेरी पहिल्या भोकांतून जाऊ देऊ नका.