जळगावचा पिनकोड ४२५००१ ही मूळ संख्या आहे का? गणितात ती कुठल्या प्रकारात बसते?

मूळ नाही. अंकांची बेरीज करा: ४+२+५+०+०+१ = १२. म्हणजे ३ नं भाग जातो, आणि भागाकार येतो १४१६६७. खरी मेहनत इथून पुढे. हा १४१६६७ मूळ वाटतो खरा, पण वाटण्यावर गणित चालत नाही. त्याचं वर्गमूळ ३७६ च्या किंचित पुढे, तेव्हा ३७३ पर्यंतच्या ७४ मूळ संख्यांनी भागून बघायला लागतं. मी कागदावरच बसून केलं. १०७ आणि ३३१ नं हळहळ लावली, दोघांचाही भाग फक्त एकानं हुकला (१४१६६८ ला दोघांनी पूर्ण जातो). शेवटपर्यंत कुणाचाच गेला नाही. तर ४२५००१ = ३ × १४१६६७, मूळ अवयव दोनच.

एवढं हातात आलं की बाकीचं फारसं शोधावं लागत नाही. विभाजक चार: १, ३, १४१६६७ आणि ती स्वतः. स्वतःला सोडून बाकीच्यांची बेरीज १४१६७१, संख्येहून बरीच कमी, म्हणून ही 'न्यून' संख्या. दोन वर्गांची बेरीज म्हणून ती मांडताच येत नाही. कुठल्याही वर्गाला ३ नं भागा, बाकी ० नाहीतर १. त्यामुळे दोन वर्गांच्या बेरजेला ३ नं भाग जायचा तर दोन्ही वर्ग ३ च्या पटीतले हवेत, आणि ३ च्या पटीतला वर्ग ९ च्याही पटीत असतोच. इथे अंकांची बेरीज १२, ९ नं भाग जात नाही. विषय संपला. वजाबाकी मात्र जमते: ७०८३५² − ७०८३२².

शेजारच्या भुसावळचा ४२५२०१ बघा: ७ × १९ × २३ × १३९. जंक्शनच ते, चार फाटे फुटणारच! अर्थात पोस्टानं १९७२ साली पिनकोड आणले ते टपालाची वर्गवारी करायला; त्यात गणित आपण शोधतोय.

आता देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या गणिती द. रा. कापरेकरांच्या वाटेनं. ४२५००१ त्यांची हर्षद संख्या, म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं भाग जाणारी संख्या, नाही. विषम संख्येला १२ नं भाग कसा जाणार? स्वयंभूही (कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून न बनणारी) नाही, कारण ४२४९६८ मध्ये त्याच्याच अंकांची बेरीज ३३ मिळवली की ४२५००१ तयार होते. माझ्या मते हे गुण अवयवांच्या तोडीचे नाहीत. आपण दहाच्या पायात (० ते ९ या दहा अंकांनी) लिहितो म्हणून ते दिसतात, पाया बदलला की गायब. अवयव कुठेही तेच. पण मजा विचाराल तर इथेच जास्त आहे.

कापरेकरांचाच आणखी एक खेळ: ४२५००१ चे अंक उतरत्या क्रमानं लावा, त्यातून चढता क्रम वजा करा: ५४२१०० − ००१२४५ = ५४०८५५. पुन्हा तेच करा: ८०९९८२, मग ९६९९२१, ८७२६२२, ६५३५४४, ३१०८८७, ८७३५२२, ६५१७४४, ६२०८७४, ८५१७४२. चार अंकी संख्या, सगळे अंक सारखे नसतील तर, अशानं ६१७४ वर येऊन थांबते. सहा अंकांना असा एकच मुक्काम नाही. जळगावची गाडी पुढे ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६ अशी जाते आणि परत ८५१७४२ वर येते. या सात संख्यांतून ती मग कधीच बाहेर पडत नाही.