बर्लिनमधला मुलगा आणि तुमचा रात्रीचा फोन

प्रश्न : मुलगा वर्षभरापासून बर्लिनच्या एका खासगी विद्यापीठात मॅनेजमेंटचं मास्टर्स करतोय. २२ लाखांचं कर्ज काढलंय. अजून धड नोकरी नाही, सायकलवरून जेवणाची पार्सलं पोचवतो. बर्लिनमध्ये इंग्रजी चालतं, मग अडतं कुठे? काही मुलं रोखीत जास्तीचं काम करतात म्हणे, त्यालाही तसं सांगू का? आणि धाकटी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला संधीकार्डावर, म्हणजे नोकरी शोधायला जर्मनीत जाण्याच्या परवान्यावर, पाठवू का?
– एक वडील, चिंचवड

उत्तर : तुमचं मूळ पत्र चार पानांचं होतं, इथे थोडक्यात दिलंय. चार पानांत हप्त्याचा उल्लेख सात वेळा आणि मुलगा जेवतो-खातो का, याचा एकदाही नाही. रोज रात्री साडेनऊला तुम्ही फोन लावता आणि पहिलाच प्रश्न, ‘लागलं का काही?’ उन्हाळ्यात तेव्हा तिकडे सहा वाजलेले असतात. रात्रीच्या जेवणाच्या ऑर्डरी नुकत्या सुरू झालेल्या असतात आणि पोरगं पाठीवर खोका घेऊन कुणाचा तरी चौथा मजला चढत असतं. ‘हल्ली फोनच उचलत नाही’ अशी तुमची तक्रार आहे. मीही उचलला नसता.

रोखीच्या कामाचं आधी सांगतो : नाही म्हणजे नाही. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. त्यापलीकडे चोरून केलं आणि सापडला तर राहण्याचा परवानाच धोक्यात येतो. त्याच्या मित्रांनी सुचवलं असतं तर समजू शकलो असतो, पण बापाने सुचवावं?

आता हिशेब मांडू, कारण तुम्हाला हिशेबाची भाषा कळते. २८० अर्धे दिवस, रोज चार तास, आणि २०२६ पासूनचं किमान वेतन तासाला १३.९० युरो. महिन्याला जेमतेम १३०० युरो होतात, तेही कपातीआधी. व्हिसाच्या वेळी तुम्ही ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरलेलीच रक्कम काढता येते अशा खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो भरलेत ना? म्हणजे महिन्याला ९९२ युरो नुसत्या जगण्याला लागतात, हे तिथल्या सरकारनेच धरलंय. त्यातून चिंचवडचा हप्ता निघत नाही. ज्याने कुणी तुम्हाला ‘पार्टटाइममधून कर्ज फिटतं’ असं सांगितलं, त्याला बहुधा कमिशन मिळालं.

राहिला इंग्रजीचा गैरसमज. चालतं की! बर्लिनच्या नॉयक्योल्न भागातल्या कॅफेत कॉफी मागायला चालतं, स्टार्टअपमध्ये कोडिंग करायलाही बऱ्यापैकी चालतं. पण नुसत्या इंग्रजीवर मिळणाऱ्या नोकऱ्यांवर जगभरातून आलेली पोरं तुटून पडलेली असतात. आणि मुलाचा विषय मॅनेजमेंट. विक्री, खरेदी, मनुष्यबळ ही सगळी माणसांशी बोलायची कामं, आणि ती माणसं जर्मन बोलतात. कोडिंगवाल्यापेक्षा भाषेची गरज यालाच जास्त आहे. तो ए-वनवर, म्हणजे जर्मनच्या अगदी पहिल्या पातळीवर, थांबलाय असं तुम्हीच लिहिलंय. किमान बी-टू, म्हणजे चौथी पातळी, गाठायला हवी. बर्लिनच्या बाराही विभागांत फोल्क्सहोखशूले म्हणजे पालिकेच्या प्रौढशिक्षण शाळा आहेत, तिथले जर्मनचे वर्ग खासगी क्लासपेक्षा पुष्कळ स्वस्त असतात. संध्याकाळच्या दोन पाळ्या सोडून त्याने तिथे बसावं. तेवढ्या महिन्यांचा हप्ता तुम्ही ओढा. नाहीतरी तुम्हीच ओढताय.

आणि बर्लिनचाच हट्ट कशाला? तुमच्या शेजारच्या चाकणला मर्सिडीज आहे, फोक्सवॅगन आहे. एकीचं मुख्यालय श्टुटगार्टला, दुसरीचं वोल्फ्सबुर्गला. कारखानदारीचा मोठा भाग असाच बर्लिनबाहेर, दक्षिणेकडे आणि लहान गावांत आहे. तिथे जायचं तर पुन्हा जर्मन आलंच.

पदवी मिळाल्यावर नोकरी शोधायला त्याला १८ महिने मिळतात, त्यामुळे आज घड्याळ लावून बसू नका. महिनाभर रात्रीचा फोन बंद. रविवारी दुपारी करा, आईला करू द्या, आणि नोकरीचा विषय त्याने काढला तरच बोला.

धाकटीच्या संधीकार्डाबद्दल आत्ता काहीच सांगणार नाही. तिला जायचंय असं पत्रात कुठे दिसलं नाही. जायचं असेल तर पुढचं पत्र तिला लिहू दे.