घरी लेझर एनग्रेव्हिंग-कटिंग मशीन जोडायचं आहे, कोणते पार्ट घेऊ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ४०० बाय ४०० मिलिमीटर बेडचं (वस्तू ठेवायच्या जागेचं) मशीन घरी जोडायचं, बजेट ३५ हजारांच्या आसपास, कापायला एमडीएफ, प्लायवूड आणि पारदर्शक ॲक्रिलिक, कोरायला स्टीलच्या रंगीत बाटल्या आणि चामडं. डायोड लेझर (छोट्या चिपमधून निळा प्रकाश देणारा) घ्यावा की सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू भरलेल्या नळीचा), आणि बाकीचे पार्ट कोणते?

उत्तर आधी देतो, कारणं नंतर. डायोड घ्या, पण खरोखर १० वॉट प्रकाश देणारा. पारदर्शक ॲक्रिलिक यादीतून काढून टाका. आणि बजेटचा चौथा हिस्सा चष्मा, बंद पेटी, एक्झॉस्ट पंखा आणि हवेचा पंप यांसाठी आजच बाजूला ठेवा. बहुतेक जण उलट करतात. आधी लेझर आणि फ्रेम घेतात, पैसे संपतात, आणि मशीन महिनोन्‌महिने उघड्यावर, धुरात चालतं.

ॲक्रिलिकचं कारण तरंगलांबीत आहे. डायोड मॉड्यूलचा (म्हणजे लेझरच्या तयार डोक्याचा) प्रकाश निळा असतो, ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा. पारदर्शक ॲक्रिलिक तो अडवतच नाही, प्रकाश आरपार जाऊन खालचा बेड भाजतो. वॉट वाढवून यात काही फरक पडत नाही. काळं किंवा गडद अपारदर्शक ॲक्रिलिक मात्र कापता येतं. सीओटूची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर, ती पारदर्शक ॲक्रिलिक पूर्ण शोषून घेतं, म्हणून दुकानांतल्या त्या काचेसारख्या चकचकीत कडा सीओटूवरच मिळतात. तुमचा मुख्य धंदा पारदर्शक ॲक्रिलिकच्या कीचेन आणि ट्रॉफ्यांचाच असेल, तर माझं सगळं उत्तर बदलेल. पण मग बजेटही बदलायला हवं.

सीओटू ३५ हजारांत नीट बसत नाही, कारण नळीसोबत एक अख्खा संसार येतो. नळीला हजारो व्होल्टचा वेगळा पॉवर सप्लाय लागतो, आणि हा विजेचा भाग जीव घेऊ शकतो. तीन आरसे, झिंक सेलेनाइडची लेन्स, ते सगळं एका रेषेत आणण्याची खटपट, आणि सतत फिरणारं पाणी. पाणी साधारण १५ ते २५ अंशांत राहायला हवं. विदर्भ-खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत बादलीतलं पाणी आपोआपच त्याच्या वर जातं आणि नळीचं आयुष्य झरझर घटतं. इथे एक गोष्ट विक्रेते क्वचितच सांगतात: सीडब्ल्यू-३००० नावाने विकला जाणारा स्वस्त चिलर म्हणजे नुसता रेडिएटर आणि पंखा. खोलीपेक्षा गार पाणी तो देऊच शकत नाही. कॉम्प्रेसर असलेला चिलर सीडब्ल्यू-५००० पासून पुढे, आणि त्याची किंमत ऐकली की तुमचं बजेट तिथेच संपतं.

आता डायोडचे वॉट. इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. जाहिरातीत ‘४० वॉट’ लिहिलेलं असतं तो आकडा बऱ्याचदा मॉड्यूल किती वीज खातं त्याचा असतो, किंवा निव्वळ जाहिरातीचा. बाहेर पडणारा प्रकाश ५ ते १० वॉट असतो. तपासायच्या दोन सोप्या खुणा आहेत. पहिली, आत डायोड किती? एक निळा डायोड साधारण ५ ते ६ वॉट प्रकाश देतो. १० वॉटच्या मॉड्यूलमध्ये दोन डायोडचे किरण एकत्र केलेले असतात, २० वॉटमध्ये चार. विक्रेता ‘एकच डायोड, २० वॉट’ म्हणाला तर पुढचं बोलणं थांबवा. दुसरी खूण, मॉड्यूलचे व्होल्ट गुणिले अँपिअर करा. खाल्लेल्या विजेचा साधारण तिसरा हिस्सा प्रकाश होतो, बाकी उष्णता. १२ व्होल्ट, २ अँपिअरचं मॉड्यूल २४ वॉट खातं, म्हणजे त्यातून फार तर ७-८ वॉट प्रकाश अपेक्षित धरायचा. ‘ऑप्टिकल आउटपुट’ हे शब्द आणि त्यासमोरचा आकडा बिलावर लिहून मागा.

खऱ्या १० वॉटवर ३ मिलिमीटर एमडीएफ आणि प्लाय निवांत वेगाने कापला जातो, ५ मिलिमीटरला दोन-तीन फेऱ्या लागतात. ५ वॉटवर कोरीवकाम छान होतं, कापणं कंटाळवाणं. २० वॉट मोहात पाडतो, पण ते डोकं जड असतं, किरणाचा ठिपका थोडा मोठा असतो आणि बारीक फोटो कोरताना ते जाणवतं. तुमच्या यादीला १० पुरेसा आहे. बाटल्यांवरचा पावडर कोटिंगचा रंग तो सहज उडवतो, खालचं स्टील कोरत नाही, आणि तुम्हाला तेवढंच हवं आहे. गोल बाटलीसाठी पुढे रोटरी (बाटली गोल फिरवणारं जोडयंत्र) जोडता येईल, ती वाय मोटरच्या, म्हणजे मागे-पुढे नेणाऱ्या मोटरच्या जागी लागते.

फ्रेमवर जास्त पैसे घालू नका. लेझर वस्तूला हात लावत नाही, लाकूड कोरणाऱ्या राउटरसारखा जोर यात नसतो. फ्रेमला सांभाळायचं असतं ते फक्त डोक्याचं वजन आणि त्याची दिशा बदलतानाचा झटका. २०४० मापाचं (२० बाय ४० मिलिमीटर) व्ही-स्लॉट ॲल्युमिनियम एक्स्ट्रूजन (लांब खाचा असलेली पट्टी), त्यावर व्ही चाकं, एवढं पुरतं. घेताना ‘व्ही-स्लॉट’ आहे की ‘टी-स्लॉट’ ते हातात घेऊन बघा. दिसायला सारखेच वाटतात, पण टी-स्लॉटच्या कडांवर व्ही चाक नीट बसत नाही. दुकानदाराकडूनच मापात आणि काटकोनात कापून घ्या, हातकरवतीने कापलेल्या टोकांवर फ्रेम कधीच चौकोनी होत नाही. लिनिअर रेल चांगल्या असतात, पण लाकडाच्या धुराचा चिकट थर त्यांच्या बेअरिंगमध्ये बसतो आणि वरचेवर साफ करावं लागतं. व्ही चाक पुसलं की झालं.

मोटर नेमा १७ (स्टेपर, म्हणजे ठराविक पावलांनी फिरणारी), पट्टा ६ मिलिमीटर रुंद जीटी२ (दात २ मिलिमीटर अंतरावर), पुली २० दातांची. पट्टा फायबरग्लासच्या दोऱ्याचा घ्या. स्टीलच्या तारेचा मजबूत वाटतो, पण छोट्या पुलीभोवती सतत वाकून त्यातल्या तारा तुटतात. हिशेब सोपा आहे: मोटरच्या एका फेरीत २०० पावलं, ड्रायव्हरवर (मोटर चालवणाऱ्या छोट्या बोर्डवर) १६ मायक्रोस्टेप, म्हणजे एका पावलाचे १६ भाग, म्हणून ३२००, आणि २० दात गुणिले २ म्हणजे एका फेरीत ४० मिलिमीटर. म्हणजे एका मिलिमीटरला ८० पावलं. हाच आकडा सेटिंगमध्ये जाईल. वाय अक्षाला दोन मोटरी लावण्यापेक्षा एक मोटर आणि आडवा लांब शाफ्ट मला जास्त आवडतो. दोन्ही बाजू कायम बरोबर चालतात आणि मशीन बंद असताना हाताने ढकललं तरी तिरकं होत नाही.

ड्रायव्हरमध्ये टीएमसी २२०९ घ्या. ए४९८८ स्वस्त आणि चालू आहे, पण फ्लॅटमध्ये रात्री चालवणार असाल तर त्याची चिरचिर शेजारी ऐकतील. कोणताही घेतलात तरी करंटची मर्यादा मोटरनुसार आधी लावून घ्या, आणि वीज चालू असताना मोटरची वायर काढू नका. तेवढ्यानं ड्रायव्हर जळतो.

कंट्रोलरसाठी दोन रस्ते. शिकण्यासाठी आर्डुइनो उनो हा छोटा बोर्ड, त्यावर सीएनसी शील्ड (ड्रायव्हर बसवायचा जोडबोर्ड), त्यात जीआरबीएल १.१ हे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर. इंटरनेटवर अडलेले निम्मे लोक इथे एकाच गोष्टीवर अडलेले असतात: लेझरची पीडब्ल्यूएम वायर (प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या सिग्नलची) शील्डवरच्या ‘स्पिंडल इनेबल’ला जोडतात आणि लेझर एक तर पूर्ण पेटतो किंवा अजिबात नाही. ही शील्ड जुन्या जीआरबीएलसाठी छापलेली आहे. नव्या आवृत्तीत पीडब्ल्यूएम ११ क्रमांकाच्या पिनवर येतं, आणि शील्डवर त्या पिनला ‘झेड’ एंडस्टॉपचं (अक्षाचं टोक ओळखणाऱ्या स्विचचं) नाव आहे. वायर तिथे जोडायची. शिवाय त्या सिग्नल वायरपासून ग्राउंडला १० किलोओहमचा रेझिस्टर लावा. बोर्ड रीसेट होताना किंवा यूएसबी निघाल्यावर पिन अधांतरी राहते आणि काही मॉड्यूल त्या क्षणात पेटतात. हा रेझिस्टर एक-दोन रुपयांचा, पण मी सगळ्या यादीत त्याला वर ठेवीन.

उनोची मर्यादा फोटो कोरताना कळते. सिरिअल वेग १,१५,२०० बॉड, म्हणजे सेकंदाला साधारण साडेअकरा हजार अक्षरं. एका ठिपक्याची आज्ञा १०-१२ अक्षरांची धरली तर सेकंदाला हजारभर ठिपके. ठिपका ०.१ मिलिमीटरचा असेल तर मिनिटाला ६००० मिलिमीटरच्या वर बोर्ड वाट बघत अडखळतो आणि फोटोत गडद डाग दिसतात. ग्राहकांसाठी फोटो कोरणार असाल तर सरळ ईएसपी३२चा (जास्त वेगवान चिपचा) बोर्ड आणि त्यावर फ्लुइडएनसी हे सॉफ्टवेअर घ्या. फक्त त्याचे सिग्नल ३.३ व्होल्टचे असतात, तुमचं मॉड्यूल ५ व्होल्टचं पीडब्ल्यूएम मागत असेल तर मध्ये लेव्हल शिफ्टर (सिग्नलचे व्होल्ट वाढवणारं छोटं सर्किट) लागेल. उनो घेतलात तर $३२ ही सेटिंग १ करून लेझर मोड चालू करा आणि कोरताना एम३ (कायम सारखा प्रकाश) या आज्ञेऐवजी एम४ वापरा. एम४मध्ये डोकं कोपऱ्यावर हळू झालं की प्रकाशही कमी होतो, कोपरे करपत नाहीत.

पॉवर सप्लाय मॉड्यूलच्या व्होल्टनुसार. २४ व्होल्टचं मॉड्यूल असेल तर २४ व्होल्ट, १५० वॉटचा चांगल्या कंपनीचा एसएमपीएस मोटरींसकट सगळं सांभाळतो. तीन पिनचा प्लग, आणि ॲल्युमिनियमची फ्रेम अर्थिंगला जोडलेली. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत हे सगळं हातात घेऊन बघता येतं, मॉड्यूल सोडून. मॉड्यूल मात्र परतीची सोय असलेल्या ठिकाणाहूनच घ्या.

आता त्या बाजूला ठेवलेल्या चौथ्या हिश्श्याकडे येतो. १० वॉटचा उघडा लेझर वर्ग ४ मध्ये, म्हणजे सगळ्यात धोकादायक वर्गात मोडतो. थेट किरण तर सोडाच, चकचकीत स्क्रूवरून परतलेला किरणही डोळ्याचा पडदा कायमचा जाळतो, पापणी मिटायच्या आत. मॉड्यूलसोबत फुकट येणारा हिरवा किंवा लाल चष्मा फेकून द्या. ४४५ ते ४५५ नॅनोमीटरसाठी ऑप्टिकल डेन्सिटी (प्रकाश अडवण्याची क्षमता) ५ किंवा जास्त असं काडीवर किंवा काचेवर छापलेला, ईएन २०७ मानकाचा चष्मा घ्या. घरात जितकी माणसं त्या खोलीत येतात तितके चष्मे घ्यावे लागतील, म्हणून बंद पेटीच स्वस्त पडते. जुन्या प्लायची पेटी, आतून मॅट काळा रंग, झाकणाला मायक्रोस्विच, झाकण उघडलं की लेझरची वीज तुटली पाहिजे. आत डोकावायला काच नको, एक स्वस्त कॅमेरा बसवा. मुलं बघायला येणारच, त्यांना पडद्यावर दाखवा.

हवेचा पंप नोझलमधून कापण्याच्या जागी झोत सोडतो. ज्वाला विझते, धूर लेन्सवर बसत नाही, आणि कापणं इतकं सुधारतं की जास्त वॉटच्या मॉड्यूलपेक्षा हा खर्च आधी करावा. मत्स्यटाकीचा छोटा पंप कोरायला चालेल, कापायला मिनिटाला ३० लिटर देणारा पिस्टनचा पंप बघा. पेटीच्या मागे ४ किंवा ६ इंची डक्ट पंखा, पाइप खिडकीबाहेर. जवळ कार्बन डायऑक्साइडचं छोटं अग्निशामक, आणि मशीन चालू असताना खोलीबाहेर जायचं नाही, चहा करायलाही नाही.

चामड्याबद्दल एक इशारा. बाजारात ‘लेदर’ म्हणून मिळणारं बरंचसं रेक्झिन असतं, म्हणजे पीव्हीसीचा थर. नामफलकवाल्यांकडचा सनबोर्डही सहसा पीव्हीसीचाच फोम असतो, आणि गिऱ्हाईक तोच घेऊन येईल. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड सुटतं, ते फुफ्फुसं जाळतं आणि लवकरच मशीनच्या बेअरिंग-स्क्रूंना गंज चढवतं. ओळखायचं असेल तर अंगणात, मोकळ्या हवेत, पक्कडीत तांब्याची तार धरून लाल करा, प्लास्टिकला टेकवा आणि परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरिन आहे, काम नाकारा.

प्लाय घेताना आयएस ३०३ मानकातला ‘एमआर ग्रेड’ मागा. ‘पाण्यानं काही होत नाही’ म्हणून दिला जाणारा आयएस ७१०चा बीडब्ल्यूपी प्लाय लेझरला वाईट. त्यातल्या फिनॉलिक डिंकाचे काळे थर किरण अडवतात आणि मधेमधे न कापलेले तुकडे राहतात. पावसाळ्यात प्लाय-एमडीएफचे तक्ते वजनाखाली सपाट ठेवा. एक-दोन मिलिमीटरचा बाक आला तरी फोकस सुटतो आणि एका कोपऱ्यात कापलेला तुकडा दुसऱ्या कोपऱ्यात अडकून बसतो. सॉफ्टवेअर म्हणून सुरुवातीला विंडोजवर लेझर जीआरबीएल फुकट आहे. तुम्ही ईएसपी३२ घेतलात किंवा काम वाढलं, तर लाइटबर्न विकत घ्या.