अंगणातल्या बहावा, पारिजातक, करवंदाला पावसाआधी 19:19:19 द्यावं का?

गेल्या वर्षी लावलेल्या या झाडांसाठी शेजाऱ्यांनी द्राक्षबागेतलं 19:19:19 (नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) दिलंय आणि ते घालू का, असं तुम्ही विचारलंय. नका घालू. खत वाईट नाही, पण द्राक्षाचा हिशेबच वेगळा. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, शिवाय दरसाल टनावारी माल बाहेर जातो. तेवढं जमिनीला परत द्यावंच लागतं. तुम्ही बहाव्याकडून काय काढून घेणार?

करवंद तर त्र्यंबक-अंजनेरीकडच्या कातळाच्या फटीतही मजेत वाढतं. त्याला भरपूर नत्र दिलं की लुसलुशीत फुटवे येतात, त्यावर मावा बसतो आणि फुलं राहतात बाजूला. स्फुरदाचंही तसंच. मुळांशी राहणारी मायकोरायझा बुरशी मातीतलं स्फुरद झाडाला आणून देते. आयतं मिळायला लागलं की झाड तिला पोसायचं कमी करतं.

खरी अडचण बहुधा जमिनीची असेल. आपल्याकडे बरेच नवे बंगले भरावावर उभे असतात. खोडापासून दोन-तीन फुटांवर हातभर खोल खणून बघा. वर वीतभर काळी माती आणि खाली मुरूम, विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे निघाले, तर आधी तो राडारोडा हाती लागेल तेवढा काढा आणि चांगली माती भरा. त्याच खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. दुसऱ्या दिवशीही ते तसंच दिसलं, तर पावसात मुळं कुजतील; आधी पाण्याला वाट करून द्या.

एवढं झालं की मृगाच्या आसपास प्रत्येक झाडाला घमेलंभर शेणखत पुरे. मात्र ते पूर्ण कुजलेलं हवं: हातात घेतलं तर भुसभुशीत, शेणाचा वास नाही. कच्च्या शेणातून हुमणी येते, आणि ती मुळं खाते. वरून वाळलेल्या पानांचा दोन-तीन इंच थर द्या, खोडाला चिकटवू नका. आमच्या पारिजातकाखालचा थर पावसाळ्यात उचलला की खालची पानं जाळीदार झालेली दिसतात, मातीला पांढरे तंतू चिकटलेले असतात आणि गांडुळं सैरावैरा पळतात. हे सोडून लोक पाला झाडून जाळतात आणि मग खताच्या पिशव्या आणतात!

पानं पिवळी पडली म्हणून लगेच युरिया टाकू नका. बहावा मार्च-एप्रिलमध्ये पानं गाळतोच, त्याशिवाय तो फुलायचा कसा? पण कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसलं तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही झाडाला उचलता येत नाही. द्राक्षवाल्यांना हे दुखणं चांगलं माहीत आहे. कृषी केंद्रात चिलेटेड लोह (झाडाला उचलता येईल अशा रूपातलं) मागा आणि लेबलवरच्या प्रमाणातच द्या.

कुंडीतल्या झाडांची गोष्ट निराळी. पाण्याबरोबर खत खालून वाहून जातं आणि मुळांना पुढे जायला जागा नसते, म्हणून तिथे दर दोन महिन्यांनी मूठभर गांडूळखत द्यायला हरकत नाही.